बारानंतरचा रस्ता

मे महिन्यात दुपारी दोन वाजता विदर्भातल्या महामार्गावर मोटारसायकल चालवणारा माणूस हौसेने निघालेला नसतो. हे सुरुवातीलाच सांगायला हवं, कारण मोटारसायकलवरच्या लांब प्रवासाबद्दल मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक लडाखचं, स्पितीचं, नाहीतर पावसाळी कोकणाचं असतं. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर बुटीबोरी मागे पडली की भर उन्हात जे दुचाकीवाले दिसतात ते निराळे. डॉक्टरांच्या भेटी उरकत निघालेला औषध कंपनीचा एमआर. बचतगटांच्या कर्जाचे हप्ते गोळा करणारा वसुलीवाला. खरिपाच्या तोंडावर कृषी केंद्रांच्या पायऱ्या झिजवणारा बियाणे कंपनीचा माणूस. लग्नपत्रिकांची पिशवी हँडलला अडकवून गावोगाव फिरणारा नवऱ्या मुलाचा काका. आणि लग्नाहून परतणारं अख्खं कुटुंब, पुढे टाकीवर पोरगं, मागे बायको, तिच्या मांडीवर तान्हं. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी, अंगात शर्ट-पँट, तोंडाला दुपट्टा, आणि दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर.

उन्हाळ्यात मोटारसायकलवर जीव कसा सांभाळायचा, हा प्रश्न खरा यांचा आहे. त्यांच्यासाठीच मी हा रस्ता धरला. जांब, हिंगणघाट, वडनेर, वडकी, करंजी, पांढरकवडा. पुढे पाटणबोरी, मग पैनगंगा आणि पलीकडे तेलंगण. या पट्ट्यात मे महिन्यात शेतं उघडी असतात. पऱ्हाटी कधीच उपटून झालेली असते, काळी जमीन भेगाळून पडलेली असते, आणि नजर पोचेल तिथवर सावली म्हणून काही नसतं.

आपल्या हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात पारा किमान ४० ला पोचून सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला, किंवा सरासरी काहीही असो, थेट ४५ ला भिडला, की उष्णतेची लाट. ४७ ला तीव्र लाट. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. २०२४ च्या मे अखेरीला तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. तिथलं उपकरण नीट चालत नव्हतं, असा खुलासा खात्याने नंतर केला. पण ५६ खोटे ठरले म्हणून ४६ सोपे होत नाहीत. शिवाय हे आकडे सावलीतले, जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेले असतात. मोटारसायकलवाला त्या पेटीत बसत नाही. त्याच्या डोक्यावर थेट ऊन, खाली डांबर, आणि दोन पायांच्या मधे इंजिन.

या रस्त्यावर ज्याला विचारावं तो एकच सांगतो: गाडी चालू असली की वारा लागतो, बरं वाटतं, थांबलं की जीव जातो. म्हणून कोणी थांबत नाही. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, बाह्या दुमडलेल्या, आणि काट्याला सत्तरचा वेग. वरवर पाहता यात चूक काहीच दिसत नाही. जिवावर बेतणारी गोष्ट मात्र नेमकी इथे आहे, म्हणून तिच्यापाशी जरा जास्त थांबतो.

गरम हवेत आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा ३० असेल तर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा ४५ ची असेल तर तोच वारा उष्णता आणून अंगावर ओततो, आणि वेग जितका जास्त तितकी भराभर. मग बरं का वाटतं? घामामुळे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. शांत बसलेल्या माणसाचं शरीर तासाला साधारण सत्तरेक किलोकॅलरी तयार करतं, यावरून घामाची ताकद कळावी. चालत्या गाडीवरच्या वाऱ्याने घाम चटकन वाळतो, म्हणून गारवा वाटतो. पण याला मर्यादा आहे. घाम जितका येतो तितका लगेच वाळू लागला की त्यापुढचा जादा वारा गारवा वाढवत नाही, फक्त उष्णता वाढवतो. विदर्भाच्या कोरड्या दुपारी, हवेतली आर्द्रता २० टक्क्यांखाली उतरलेली असताना, साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्या उघड्या हातांवर ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. अंग कोरडं ठणठणीत लागतं. घाम येतच नाही, असं माणसाला वाटतं. खरं तर तो भरपूर येत असतो आणि दिसायच्या आधी उडून जात असतो. तासाला लिटरभर पाणी असं नकळत निघून जातं.

जांबच्या चौकाजवळ एका जुन्या गॅरेजात खुंटीला जाड कॅनव्हासची पाण्याची छागल टांगलेली पाहिली. पूर्वी ट्रकवाले आणि जीपवाले ती पुढच्या बंपरला बांधत. कापड नवं असताना पाणी टपटप गळतं, दोन-चार दिवसांत धागे फुगतात आणि मग नुसतं पाझरतं. बाहेरून हात लावला तर ओलसर गार. तोंडाशी लाकडी बूच, कडेला दोरीचे फास. गॅरेजवाले काका साठीच्या पुढचे. त्यांनी सांगितलं की छागल गाडीला बांधायची ती उन्हात नाही, चाकाच्या सावलीला आणि वारा बेताने लागेल अशी. फार वारा लागला तर पाणी गार होण्याआधी अर्धी पिशवी रिकामी होते. मग माझ्या गाडीकडे बघून म्हणाले, "एवढ्या उन्हात कायले निघाले भाऊ? अंग तरी झाका."

काकांनी दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं होतं. माणूस म्हणजे त्या छागलेसारखाच: आतलं पाणी पाझरून स्वतःला गार ठेवणारा, आणि उघड्यावर वाऱ्यात टांगला तर लवकर रिकामा होणारा. कापडाचं काम वारा अडवण्याचं नाही, तो बेताचा करण्याचं आहे. सैल, सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा अंगावर असला की आत थोडी हवा खेळते, घाम सावकाश वाळतो, बाहेरची झळ थेट कातडीला भिडत नाही आणि सूर्याचे किरण कापडावरच थांबतात. राजस्थानात किंवा अरबस्तानात लोक पायघोळ कपडे घालतात ते याच हिशेबाने. सिनाई भागातले बेदुईन लोक तर काळे झगे घालतात. त्यावर १९८० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास छापून आला होता. काळा झगा जास्त तापतो, पण तो सैल असल्याने ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आतच वाऱ्याबरोबर निघून जाते, असं त्यात दिसलं. म्हणजे रंगाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, कपड्याचा सैलपणा महत्त्वाचा.

नागपूरच्या बायकांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. स्कूटीवरच्या मुली मार्च उजाडला की पांढरा सुती सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे आणि डोळे सोडून सगळं झाकणारा दुपट्टा अशा निघतात. बाहेरगावचे लोक त्याची टिंगल करतात. गोरेपणा जपायचा खटाटोप म्हणतात. मला तो उन्हाळ्याला दिलेला फार शहाणा जबाब वाटतो. तिकडे पुरुष दुपट्टा तेवढा बांधतात आणि हात उघडे ठेवतात. एका वसुलीवाल्या पोराचे हात मी जवळून पाहिले. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी काळवंडून खरखरीत झालेली, घड्याळाच्या पट्ट्याखाली तेवढी पांढरी. तो फार तर पंचवीसचा असेल.

पूर्ण बाह्यांच्या त्या सैल सदऱ्याच्या आत आणखी एक युक्ती करता येते. पाणपोईवर थांबल्यावर बनियन काढून भिजवायचं, हलकं पिळून पुन्हा घालायचं आणि वर कोरडा सदरा किंवा जाकीट चढवायचं. उघड्यावर ओला टी-शर्ट दहा-पंधरा मिनिटांत वाळून जातो. वर झाकण असलं की तोच गारवा बराच वेळ पुरतो. मानेला ओला पंचा गुंडाळला तरी मोठा फरक पडतो. मात्र त्याचं टोक मोकळं लोंबता कामा नये. साडीचा पदर, ओढणी आणि दुपट्टा चाकात किंवा साखळीत अडकून झालेले अपघात या भागात नवे नाहीत.

पुण्या-मुंबईहून महागड्या जाळीदार जाकिटात ताडोबाकडे येणारे हौशी रायडर उन्हाळ्यात इथे चकतात तेही वाऱ्यामुळेच. जाळीचं जाकीट ३०-३२ अंशांत उत्तम. ४४ अंशांत त्या जाळीतून येते ती झळ. अशा वेळी जाकिटाच्या झडपा थोड्याच उघड्या ठेवून आत ओलं बनियन असणं बरं. ऊन वाढलं म्हणून जाकीट काढून मागे बांधायचं, हे तर अजिबात नको. पडल्यावर तापलेलं डांबर कातडीचं काय करतं ते जिल्हा रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन पाहावं.

कोकणात हा हिशेब उलटतो. तिथे पारा ३५-३६ वर असतो, पण हवा घामाने भिजल्यासारखी दमट. घाम येतो आणि वाळतच नाही, नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम गारवा देत नाही. महाड-चिपळूणकडे जाताना जाळीदार, मोकळे कपडे आणि अंगाला लागणारा वारा यांचाच आधार. आकडा कमी म्हणून त्या उन्हाला कमी लेखू नये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. त्या दिवशी तिथे पारा चाळिशीला पोचलाही नव्हता.

आता हेल्मेट. "उन्हात डोकं शिजतं" हे कारण मी या रस्त्यावर इतक्यांदा ऐकलं की ते खोडून काढण्याआधी नीट ऐकून घेणं भाग आहे. थांबलेल्या गाडीवर, सिग्नलला, हेल्मेटमध्ये खरोखर घुसमटायला होतं. पण चालत्या गाडीवर उघडं डोकं जास्त तापतं, कारण त्यावर थेट ऊन असतं आणि गरम वारा असतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलचा जाड थर आघात शोषतो आणि उष्णताही अडवतो. पांढरं किंवा फिक्या रंगाचं, वर हवेची छिद्रं असलेलं, आयएसआय खुणेचं हेल्मेट आणि आत पातळ सुती टोपी, जमल्यास ओली, एवढं केलं तर तक्रारीला फार जागा राहत नाही. एक गोष्ट मात्र टाळायला हवी. जाड दुपट्ट्याच्या चार घड्या डोक्याला गुंडाळून वर हेल्मेट बसवलं की ते सैल अधांतरी राहतं, हनुवटीचा पट्टा बसत नाही आणि पडल्यावर हेल्मेट आधी उडतं. दुपट्टा तोंडाला आणि मानेला असावा, कवटीवर एकच पातळ पदर. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक रस्त्यावर मेले. त्यात उन्हामुळे हेल्मेट काढून ठेवलेले किती, हे कोणी वेगळं मोजत नाही.

न मोजलं जाणारं आणखीही काही आहे. वर्तमानपत्रात उन्हाळ्यातल्या दुपारच्या अपघाताच्या बातमीत एक ठरलेलं वाक्य येतं: दुचाकीवरील ताबा सुटल्याने. समोर गाडी नाही, खड्डा नाही, वळण नाही, तरी ताबा सुटतो. का सुटतो, ते विचारायला कोणी थांबत नाही. पोलिसांच्या नोंदीत वेग येतो, दारू येते, झोप येते. ऊन येत नाही. शरीरातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी उतरलं की लक्ष ढळू लागतं. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत हे दोन टक्के म्हणजे अवघं सव्वा लिटर. वडनेर ते पांढरकवडा या टप्प्यात एवढं सहज उडून जातं. आधी चिडचिड होते. मग आरशात पाहायचा कंटाळा येतो. मग समोरच्या ट्रकचं अंतर चुकतं. ही सगळी लक्षणं ज्याने ओळखायची तो मेंदूच तापलेला असतो. म्हणून "त्रास व्हायला लागला की थांबेन" या भरवशावर निघणं धोक्याचं आहे. त्रास होतोय हे कळण्याची शक्ती ऊन सगळ्यात आधी काढून घेतं. थांबायचं कधी, हे सकाळी डोकं शांत असताना ठरवावं आणि घड्याळाकडे पाहून पाळावं. पन्नास मिनिटं चालवलं की दहा मिनिटं सावली. तहान असो नसो.

पाण्याचंही तसंच. तहान मागाहून येते. तासाला पाऊण ते एक लिटर, घोट घोट करत. शरीर एका तासात त्याहून फार जास्त पाणी शोषत नाही, त्यामुळे ढाब्यावर एका दमात दोन लिटर ओतून भागत नाही. घामाबरोबर मीठही जातं. दिवसभर नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि मळमळ, डोकेदुखी, भ्रम अशी उन्हासारखीच लक्षणं दिसतात. माणूस ऊन लागलं समजून आणखी पाणी पितो. म्हणून अध्येमध्ये ओआरएस. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांना साखर-मिठाच्या पाण्यावर जगवलं. तेच हे औषध, आणि आज ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात पूर्ण पाकीट. अर्ध्या पाण्यात पूर्ण नाही आणि पूर्ण पाण्यात अर्धं नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, आंबील हे तर आपल्या घरचेच उपाय. रक्तदाबाच्या किंवा किडनीच्या रुग्णांनी मात्र मिठाबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, सर्दीची काही औषधं आणि मनोविकारावरची काही औषधं उन्हाचा त्रास वाढवतात, तेही त्याच भेटीत विचारून घ्यावं. रसवंतीचा उसाचा रस चवीला घ्या, मीठ-लिंबू टाकून. बर्फाची खात्री नसेल तर बर्फाविना. खिशात कांदा ठेवून ऊन लागत नाही, ही समजूत इकडे पक्की आहे. कांद्याने नुकसान काहीच नाही. फक्त कांदा आहे म्हणून पाण्याची बाटली घरी राहू नये.

पाणी पिण्याचा सल्ला बायकांना देताना मात्र जीभ अडखळते. वणीकडे जाणाऱ्या एका आरोग्यसेविकेने सांगितलं की ड्यूटीच्या दिवशी ती सकाळी चहासुद्धा अर्धाच घेते. साठ किलोमीटरच्या वाटेत तिला जाण्याजोगं स्वच्छतागृह नाही. पुरुष झाडाआड उभे राहतात. ती दुपारपर्यंत कोरड्या घशाने गाडी हाकते. उष्माघातापासून बचावाच्या पत्रकात "भरपूर पाणी प्या" असं लिहिणाऱ्याने आधी हा रस्ता एकदा साडी नेसणाऱ्या बाईच्या जागी बसून पाहावा. पेट्रोल पंपावर प्रत्येकाला, पेट्रोल भरो न भरो, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि टायरची हवा मोफत मिळाली पाहिजे असा तेल कंपन्यांचा नियम आहे. प्रत्यक्षात दाराला कुलूप असतं आणि किल्ली "मॅनेजर घेऊन गेले".

लहान मुलांसाठी टाकी ही सगळ्यात वाईट जागा. खाली तापलेला पत्रा, समोरून पहिली झळ, आणि लहान शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी ४० च्या आत हवा, असा केंद्राचा २०२२ चा नियम आहे. दुपारच्या लग्नाला मुलांना एसटीने पाठवावं, एवढीच माझी कळकळीची विनंती.

आणि एवढं करूनही कोणाला ऊन लागलंच तर. चक्कर, मळमळ, पायात गोळे, दरदरून घाम, पण माणूस शुद्धीवर आणि नीट बोलतोय: सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंग पुसा, ओआरएस पाजा, त्या दिवशी त्याने पुन्हा गाडी हातात घ्यायची नाही. असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, झटका आला, बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि एकेक मिनिट मोलाचं असतं. अंग कोरडं पडलं तरच उष्माघात, असं धरून चालू नका. गाडी हाकणाऱ्याचं, काम करणाऱ्याचं अंग घामाने चिंबही असू शकतं. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हात बांधून बसू नका. हेल्मेट, बूट, जाकीट काढा. मिळेल त्या पाण्याने, शेतातल्या मोटारीचं असो की जनावरांच्या हौदाचं, त्याला नखशिखांत भिजवा आणि वारा घाला. जवळ हौद असेल तर डोकं वर धरून त्यात बसवणं सगळ्यात उत्तम. बर्फ असेल तर मान, काख, जांघ. बेशुद्ध किंवा भ्रमिष्ट माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप नव्हे. आधी गार करणं, मग हलवणं. गाडीत टाकून चाळीस किलोमीटर पळवण्यात जी मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत.

गाडीविषयी थोडक्यात. डांबर ५० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग साठीच्या वर जाऊ शकतो. त्यामुळे वळणांवर आणि चौकात जिथे ट्रक ब्रेक मारतात तिथे काळा, चकाकणारा, चिकट पट्टा दिसतो. त्यावरून वाकून वळू नये, ब्रेक दाबू नये. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. टायर चाळीस अंशांनी तापला तर २८ पौंड हवा ३३-३४ दिसते. ती पाहून दुपारी हवा सोडणं चुकीचं, कारण मग टायर जास्त दबतो, जास्त घासतो आणि जास्त तापतो. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुधा हवा कमी आणि नक्षी झिजलेली असल्याने. टाकी पूर्ण भरली तर उन्हात स्फोट होतो, ही अफवा दर उन्हाळ्यात फिरते आणि तेल कंपन्या दर उन्हाळ्यात ती खोडतात. गळ्यापर्यंत न भरता थोडी जागा सोडावी, कारण पेट्रोल प्रसरण पावतं; बस्स. एअरकूल्ड इंजिनाचं ऑइल मात्र वेळेवर बदलायलाच हवं, उन्हाळ्यात तर नक्कीच.

राहता राहिलं घड्याळ. मे महिन्यात नागपुरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य उगवतो. पाचला निघालं तर नऊपर्यंत यवतमाळ आरामात गाठता येतं, अकराच्या आत दोनशे किलोमीटर होतात. पारा सर्वांत वर असतो तो बाराला नव्हे, तीन-चारच्या सुमारास. म्हणून "बारा वाजून गेले, आता उतरेल" हा हिशेब फसतो. अकरा ते पाच गाडी सावलीला, हा या भागातला साधा शहाणपणा. नवतपाच्या नऊ दिवसांत, २५ मेपासून, जुनी माणसं बैलांनासुद्धा या वेळात बाहेर काढत नसत. रात्रीचा प्रवास हा पर्याय मी सुचवणार नाही. बिनदिव्यांच्या ट्रॉल्या, रानडुकरं आणि पेंग यांचा धोका उन्हाहून कमी नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, तेव्हा मार्चअखेरच्या पहिल्या कडक दिवसांत आणि एसीतून थेट रस्त्यावर येणाऱ्यांनी दुप्पट जपावं.

पण अकरा ते पाच थांबणं कोणाच्या हातात आहे? एमआरला दिवसाच्या भेटींचा आकडा पुरा करायचा असतो आणि त्याच्या मोबाइलवरचं ॲप तो कुठे किती वेळ थांबला ते वरिष्ठांना दाखवतं. वसुलीवाल्याला हप्ता देणारी बाई रोजंदारीवरून दुपारी घरी येते, म्हणून दुपारीच जावं लागतं. या तरुणांना "काळजी घ्या" म्हणणं सोपं आहे. त्यांच्या कंपन्यांनी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत फिरतीची वेळ सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर लावून दिली, दुपारी थांबल्याची नोंद कामचुकारपणा म्हणून घेतली नाही, तर एका परिपत्रकाने जे होईल ते शंभर लेखांनी होणार नाही. नागपुरात अलीकडच्या काही उन्हाळ्यांत दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवले गेले, काही चौकांवर हिरव्या जाळीची सावली केली गेली. लाल दिव्याखाली दीड मिनिट उभं राहणंही जिवावर येतं, हे शहराने मान्य केलं. महामार्गाने अजून केलेलं नाही.

समृद्धी महामार्ग आला, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, पण तिथे दुचाकीला बंदी आहे. दुचाकीवाला जुन्याच रस्त्यांनी जाणार, आणि त्या रस्त्यांचं चौपदरीकरण होताना कडेचे कडुनिंब आणि चिंचा गेल्या. त्यांच्या जागी दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल आली. फुलं देखणी आहेत, पण त्यांच्या सावलीत माणूस सोडा, बाटलीसुद्धा राहत नाही. वडकीच्या पुढे एका जुन्या बसथांब्याच्या तुटक्या शेडखाली मी सात मोटारसायकली उभ्या पाहिल्या. सगळे अनोळखी, भिंतीला टेकून बसलेले, एकमेकांच्या बाटलीतलं पाणी वाटून घेत. दर वीस-पंचवीस किलोमीटरला असं एक छप्पर, खाली दोन रांजण आणि शेजारी बाईमाणसाला जाता येईल असं एक स्वच्छतागृह, एवढी मागणी अवास्तव नाही. ग्रामपंचायती, लग्नाचे हॉल चालवणारे, जिनिंगवाले यांनी मनावर घेतलं तर पुढच्या मार्चपर्यंत बरंच होऊ शकतं. लाल फडक्यात गुंडाळलेल्या माठांच्या पाणपोया याच लोकांनी वर्षानुवर्षं चालवल्या आहेत.

तोवर पंपांवर जे हक्काचं आहे ते मागून घ्यावं. पाणी नसेल किंवा स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर तक्रारवही मागा. ती प्रत्येक पंपावर ठेवणं आणि मागितल्यावर देणं बंधनकारक आहे. तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर घालून लिहा, पानाचा फोटो काढा आणि पंपावर लावलेल्या कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावरही कळवा.